डागासकट दात

संघपाल दातांच्या धंद्यात टिकला तो आईमुळे. बी.एस्सी. अर्धवट सोडून तो नोएडातल्या एका डेंटल लॅबमध्ये जायला लागला, तेव्हा बाबांनी, म्हणजे दादारावांनी, त्याच्याशी बोलणंच टाकलं. आई, रमाबाई, मात्र सरकारी ऑफिसातून दमून घरी आल्या तरी त्याने खिशातून काढलेले वेडेवाकडे दात चष्मा लावून बघायच्या आणि म्हणायच्या, हा कालच्यापेक्षा बरा आहे हं. कोर्स नाही, डिग्री नाही. थोडं मोबाइलवरच्या व्हिडिओंनी शिकवलं, उरलेलं लॅबमधल्या शमीमभाईंनी रागावून रागावून शिकवलं.

म्हणून आईचा पुढचा दात आपणच करायचा, हे त्याने कधीचं ठरवून ठेवलं होतं.

लहानपणी पडून तिचा वरचा पुढचा दात तुटला होता आणि त्यावर जुन्या पद्धतीची कॅप होती, आतून धातू आणि वरून पोर्सिलेन. हिरडी जरा वर सरकली तशी धातूची काळी रेघ दिसायला लागली, जणू दाताला काजळ घातलंय. रमाबाई ओठ मिटून हसायच्या. पण आता महिनाअखेरीस त्या रिटायर होणार होत्या, निरोप समारंभात माइकसमोर बोलायचं होतं. पहिल्यांदाच त्या आपणहून म्हणाल्या, "कर बाबा, काय करायचं ते कर."

दिल्लीतल्या मयूर विहारच्या डॉक्टर प्रणितांनी जुनी कॅप काढली, माप घेतलं, तात्पुरती प्लास्टिकची कॅप बसवली. दाताचा रंग त्यांनी खिडकीपाशी, अगदी सुरुवातीलाच बघून घेतला. तोंड फार वेळ उघडं राहिलं की दात सुकतात आणि आहेत त्यापेक्षा पांढरे दिसतात. संघपालने जवळून फोटो काढले, आणि लॅबमध्ये ते मोठे करून बघताना त्याला शेजारचा दात नीट दिसला. त्यावर खडूसारख्या बारीक रेघा होत्या आणि मधोमध एक तपकिरी डाग. आईचं माहेर चंद्रपूरकडचं. तिथल्या बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, गावातल्या सगळ्या पोरींचे दात तसेच.

झालं, संघपालच्या अंगात आलं. असा दात करायचा की शेजारच्याचा जुळा भाऊ वाटला पाहिजे.

खालचा सांगाडा धातूऐवजी झिरकोनियाचा केला. तो पांढराच असतो, म्हणजे काळ्या रेघेची कटकट संपली. त्यावर ओली पोर्सिलेनची पावडर ब्रशने चढवायची आणि भट्टीत भाजायची. भाजली की ती आक्रसते, म्हणून दात आधी थोडा मोठाच बांधायचा. आतल्या थरात त्याने पांढऱ्या रेघा ओढल्या, वर डाग दिला. पहिल्यांदा तो चहा सांडल्यासारखा दिसला. सगळं घासून पुन्हा केलं. शेवटी एकदा शमीमभाईंनी दात फोटोशेजारी धरला, चष्मा काढला, परत लावला आणि म्हणाले, "बेटा, ये तो कमाल है." या माणसाने आजवर कुणाला 'ठीक है' सुद्धा म्हटलं नव्हतं.

क्लिनिकमध्ये प्रणितांनी तो न चिकटवता नुसता बसवून बघितला. त्याही खूश. म्हणाल्या, काकू, मी डॉक्टर आहे, पण यातला नकली कुठला ते मला सांगता येत नाहीये. आणि हातात आरसा दिला.

रमाबाईंनी बराच वेळ बघितलं. मग आरसा परत देत म्हणाल्या, छान आहे. पाहुण्यांनी आणलेल्या, न आवडलेल्या साडीला म्हणतात तसं.

संघपालला तो आवाज माहीत होता. "आई, खरं सांग."

"खरं सांगू? राग नको मानू, संघू. हा डाग मला पाण्यानं दिला. तेव्हा काय इलाज होता? तेच पाणी होतं प्यायला. दिल्लीला आले तर ऑफिसातल्या बायका विचारायच्या, आप तंबाकू खाती हैं क्या? जन्मभर एक डाग घेऊन फिरले. आता तू दुसरा भाजून आणलास."



संघपालला लागलं. त्याने कामाची बाजू मांडून बघितली, की नुसता पांढरा केला तर तो शेजारच्याजवळ परका दिसेल. बोलता बोलता तोच थांबला. लॅबमध्ये हुबेहूब म्हणजे शंभरपैकी शंभर. त्याला, शमीमभाईंना, डॉक्टरांना, तिघांनाही दात दिसला. तो कुणाच्या तोंडात बसणार, आणि तिला तो हवा आहे का, हे एकानेही विचारलं नाही.

प्रणिता आधी सावरल्या. चूक माझीही आहे, म्हणाल्या. शेजारचा डाग वरवरचा दिसतोय, औषधी पेस्टने घासून बराचसा जाईल, मग त्याला जुळेल असा दात करू.

"जातो हा डाग?" रमाबाई उठूनच बसल्या. "मग इतकी वर्षं कोणी बोललं का नाही?"

"काकू, तुम्ही तोंड उघडलंत कुठे?"

सगळ्यात आधी रमाबाईच हसल्या.

परतताना रिक्षात संघपाल रुसलेला नव्हता. आईला काय अवघड होतं? छान आहे म्हणून तोच दात जन्मभर वागवला असता, फक्त लेकाने केलाय म्हणून. तिने तसं केलं नाही. तिच्या हाताला हात लावून त्याने एवढंच म्हटलं, बरं झालं बोललीस.

शेजारचा डाग बराचसा गेला, ढगासारखी एक फिकट छटा राहिली. काही दिवस जाऊ देऊन रंग पुन्हा बघितला. या वेळी संघपालने रंगांच्या पट्ट्या आईच्या हातात दिल्या आणि विचारलं, तुला कसा हवा? रमाबाईंची फर्माईश साधी होती. जाहिरातीतला नको. माझ्या वयाचा असू दे, थोडा पिवळसर चालेल, फक्त तो डाग नको.

तसा झाला. बसवला. प्रणितांनी आरसा दिला तेव्हा रमाबाई 'छान' वगैरे काही म्हणाल्याच नाहीत. थेट विचारलं, यानं पेरू खाता येईल ना?

समारंभाच्या आदल्या दिवशी त्या संत्रा बर्फीचा डबा घेऊन लॅबमध्ये हजर. लॅबमध्ये कधी पेशंट येत नाही. तिथे येतात ते प्लास्टरचे जबडे, आणि बाहेर जातात त्या दातांच्या छोट्या डब्या. शमीमभाई गडबडून उभे राहिले, हात पुसले. रमाबाईंनी हात जोडले. "भाईसाब, आपने मेरे बेटे को हुनर दिया. बस, शुक्रिया कहने आई हूँ."

 शमीमभाई हळूच म्हणाले, "बहनजी, बुरा न मानें तो... ज़रा देख लूँ? इतने साल हो गए, अपने यहाँ का दाँत किसी के मुँह में कभी देखा नहीं."

रमाबाई खिडकीपाशी गेल्या. मग एकेक करत सगळेच टेबलं सोडून आले. त्यांना नुसतं बघून भागेना, म्हणून रमाबाईंनी उद्याचं भाषणच म्हणून दाखवलं, सुरुवातीपासून. कुणी मान हलवत होतं, कुणी बर्फी खात होतं. संघपालच्या टेबलावर एका दातावर नुकतीच चढवलेली पावडर तेवढ्यात सुकून तडकली.

आई गेल्यावर त्याने ती खरवडून काढली आणि ब्रश ओला करून तो दात पहिल्यापासून बांधायला घेतला.