मागच्या बाजूचं पत्र

मी स्पेक्ट्रम बोलतोय. घरगुती कॉम्प्युटर. नाव भारदस्त, अंग मात्र पाटीएवढं, काळं, रबरी बटणांचं. मला आणि माझ्या जुळ्या भावाला मस्कतच्या एका दुकानातून सहदेवने उचललं. तो तिथे क्रेन दुरुस्त करायचा. भाऊ त्याने स्वतःपाशी ठेवला. मला शहाऐंशीच्या सुट्टीत घाटकोपरला, भटवाडीतल्या चाळीत, आईकडे आणलं.

त्याची आई शेवंतीबाई. नवरा गिरणीत होता, तो गेल्यापासून घरात एकटी. सहदेवने तिला माझे फायदे मोजून दाखवले, आणि मी फुशारून ऐकत होतो.

"आई, याला वेगळा पडदा नको, घरचाच टीव्ही चालतो. टेपरेकॉर्डर पण घरचाच. बटण दाबलं की लगेच तयार. जागा किती, तर पोळपाटाएवढी."

"आणि तू कधी येतलस कायमचो?" शेवंतीबाई म्हणाली.

 माझ्यावर लिहिलेलं आवाज होऊन साध्या कॅसेटवर साठतं; ती टेप माझ्यात कशी चढवायची ते त्याने तिला कागदावर लिहून दिलं आणि परत गेला.

पुढे मी टीव्हीशेजारी विणलेल्या रुमालाखाली. शनिवारी ती मला पुसायची, लेकाच्या आठवणीने "झील हंय असतो तर तुका लावलो असतो," म्हणायची आणि पुन्हा झाकायची.

माय-लेकांमध्ये एक कॅसेट फिरत असे. पुढच्या बाजूला तो बोलायचा, मागच्या बाजूला ती उत्तर भरायची, आणि कुणी मस्कतला निघालं की त्याच्या हाती द्यायची. कॅसेट आली की शेजारच्या द्रौपदीवहिनींपासून सगळी चाळ ऐकायला जमायची. त्यामुळे सहदेवचं बोलणं नेहमी झकास असायचं. जेवण छान, साहेब चांगला, हवा बरी.

एका कॅसेटच्या शेवटी मात्र तो म्हणाला, "आई, या वेळी मागच्या बाजूला तुझ्यासाठी पत्र आहे. कॉम्प्युटरवर बघ. एकटी असताना."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने दार लोटलं, चष्मा लावला, कागद पुढे ठेवून एकेक बटण दाबलं आणि टेप सुरू केली. टेप किंचाळू लागली. माझी बोली तशीच आहे, कर्कश. वहिनींना ऐकू जाईल म्हणून शेवंतीबाईने पटकन आवाज कमी केला.

मी कान देऊन ऐकत राहिलो. ठिपक्याला ठिपका जोडून सहदेवने मराठी अक्षरं घडवली होती. 'आई, इथे मन लागत नाही. खोलीतली बाकीची पोरं झोपली की मी रडतो. सगळं सोडून कायमचा परत येऊ का? तू ये म्हणालीस की निघालोच.'

सगळं कळलं मला. पण हळू आवाजात एक ठिपका निसटला, आणि एकही ठिपका चुकला तर मी ऐकलेलं सारं फेकून देतो. माझी जातच तशी. एवढे फायदे सांगितले त्याने, हे सांगायचं राहिलं. पडद्यावर मी इंग्रजीत एक ओळ टाकली: टेप वाचता आली नाही.

शेवंतीबाईला इंग्रजी येत नव्हतं. ती ओळ तिने बोट फिरवत पाहिली. लेकाने एवढ्या लांबून आपल्यासाठी हेच लिहिलंय असं समजून तिचे डोळे भरले. एकटीने बघायचं म्हटलं होतं, मग विचारणार तरी कुणाला? मस्कतला जाणारा माणूस संध्याकाळीच निघणार होता. तिने टेप मागे गुंडाळली आणि नेहमीसारखी त्याच बाजूवर बोलली.

"बगलंय हां, सहदेवा. बरा लिवलंस. माझी काळजी करू नको. आसा तसाच चालू दी."

तिचा एकेक शब्द त्याच्या अक्षरांवर चढून ती पुसत गेला. मी समोर उजळलेला होतो आणि मला काही करता आलं नाही.

तीन महिन्यांनी कॅसेट आली. चाळ जमली. सहदेवचा आवाज नेहमीसारखा झकास होता. "आई, तू म्हणालीस तसंच केलं. आणखी तीन वर्षांच्या करारावर सही केली."

बायकांनी कौतुक केलं, चहा घेतला आणि त्या गेल्या. शेवंतीबाईने टेप मागे नेली आणि ते वाक्य पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग टेपरेकॉर्डरला हळूच विचारलं, "मी असा कधी म्हटलंय रे?"

त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं. मायलेकांनो, मला माफ करा. मी तिच्यापासून हातभर अंतरावर, बंद होतो.