सुताराच्या घरचा कुरकुरणारा दरवाजा

मी दरवाजा आहे. घराचा नव्हे, आतल्या खोलीचा. घराच्या दरवाजाला पोस्टमनपासून शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत सगळे ओळखतात. मला फक्त घरातली माणसं ओळखतात. तेवढी पुरे.

माझं लाकूड जुनं आहे. एक शाळा पाडली, तेव्हा सुतारानं तिच्या बाकांच्या फळ्या आणल्या आणि मला घडवलं. म्हणजे चार पिढ्या माझ्यावर बसून शिकल्या. मी स्वतः काही शिकलो नाही, नुसतं वजन पेललं. पण सांधा कसा असावा हे मात्र मला पाहून शिकावं. अंगात एक खिळा नाही. खाली उजव्या कोपऱ्यात कुणा पोरानं कर्कटकानं कोरलेलं बदक आहे. सुतारानं त्यावर रंधा फिरवला नाही.

सुतार मानी माणूस. त्याच्या हातचं दार कधी वाजत नाही, अशी त्याची ख्याती. बायको बसमध्ये कंडक्टर. तिच्या एका हाकेत पन्नास माणसं मागं सरकतात. दोघांना मूल नव्हतं. अकरा वर्षं माझ्या आड प्लायवुडचे तुकडे आणि सरसाचे डबे राहिले. त्याबद्दल दोघं बोलत नसत. मीही बोललो नाही.

मग एके दिवशी खोली रिकामी झाली. भिंतींना रंग लागला, खाट आली. अनाथ मुलांच्या संस्थेतल्या एक बाई घर बघायला आल्या. त्यांनी सगळं सोडून माझ्या बाहेरच्या कडीला हात लावला.

"ही काढून टाका."

"का हो?" सुतारानं विचारलं. कडी चांगली पितळेची होती.

"मुलगी सहा वर्षांची आहे. आधीच्या घरात तिला कोंडून ठेवायचे. मारायचेही." बाईंनी कडीवरचा हात काढला. "आणखी एक सांगते. ती फार शहाण्यासारखी वागेल. त्यावर खूश होऊ नका. ते शहाणपण भीतीचं असतं. ती भीती गेली, की समजा मूल घरी आलं."

सुतारानं त्याच दिवशी कडी काढली. भोकं अशी बुजवली की मला स्वतःला सापडेनात. हात लागलाच आहे तर म्हणून त्यानं माझ्या बिजागऱ्यांना तेलही घातलं. मी पिसासारखा हलका झालो. बोट लावलं की उघडायचो, आवाज म्हणून नाही. मुलीला माझा काही त्रास होऊ नये, एवढाच त्याचा हेतू. मला तर छाती फुगवून उभं राहावंसं वाटलं.

मुलगी आली. हातात एक पिशवी. खाटेवर बसली ती भिंतीला पाठ आणि माझ्याकडे तोंड करून. मी बंद होऊ नये म्हणून तिनं फटीत चप्पल ठेवली.

"अंडं चालेल?" कंडक्टरबाईंनी विचारलं. घरात त्या आवाज खाली आणून बोलायला लागल्या होत्या.

"चालेल."

"आंघोळ करायची?"

"चालेल."

"बागेत जायचं, की घरीच बसायचं?"

"चालेल."

स्वयंपाकघरात जाऊन कंडक्टरबाई नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, हे मूल आहे की सरकारी शिक्का?"

मुलगी पावाचे तुकडे एकेक करून माझ्या मागं नेऊन ठेवायची. आठवड्यानं खऱ्या मुंग्या लागल्या, तेव्हा कंडक्टरबाईंनी तिथं झाकणाचा डबा ठेवला आणि रोज गुपचूप त्यात ताजा पाव भरला. मुलीचं नाव पडलं मुंगी.

तिसऱ्या आठवड्यात माझ्यामुळं घोटाळा झाला. दुपारची वेळ. कंडक्टरबाई घडी केलेले कपडे घेऊन आल्या. मी नेहमीसारखा बिनआवाज उघडलो. मुंगी खिडकीकडे तोंड करून उभी होती. ती वळली, तर बाई अगदी जवळ. मुंगी क्षणात खाटेखाली गेली. रडली नाही, ओरडली नाही. फरशीवर ओल तेवढी पसरत गेली.

कंडक्टरबाई कपडे खाली ठेवून जमिनीवर बसल्या. हात पुढं केला नाही.

"तुम्ही वाजला नाहीत," खाटेखालून आवाज आला.

"म्हणजे गं?"

"तिकडे दार वाजायचं. मग मला कळायचं, कुणी येतंय. मग मी लपायची."

संध्याकाळी हे सुताराला कळलं. त्याचा चहा निवून गेला. मग तो उठला, पेचकस आणला आणि माझ्या तिन्ही बिजागऱ्या उतरवल्या. रॉकेलमध्ये धुवून तेलाचा थेंब ठेवला नाही. मग मिठाच्या पाण्यात बुडवून चार दिवस खिडकीत वाळवल्या. गंज चढवला हो त्यानं, स्वतःच्या हातानं. मी भिंतीला टेकून सगळं पाहत होतो. माझा किती अपमान झाला, ते काय सांगू.

पाचव्या दिवशी त्यानं मला पुन्हा बसवलं. मुंगी खाटेवर, गुडघ्यांवर हनुवटी टेकून बघत होती. त्यानं मला उघडलं.

"वाजतंय?"

"थोडं."

"चालेल एवढं?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "अजून."

सुताराचा हात थबकला. त्या घरात तिनं मागितलेली ती पहिली गोष्ट. त्यानं बिजागरीच्या खिळीवर आणखी मिठाचं पाणी सोडलं, मला दहा वेळा मागं-पुढं केलं. मी कुईं केलं.

"आता?"

"आता जास्त आहे."

"कमी करू?"

"अगदी थोडं."

सुतारानं घाम पुसला. "गिऱ्हाईक म्हणून फार अवघड आहेस तू."

हे रागावणं आहे की काय, ते तिला कळेना. तिनं त्याचं तोंड नीट निरखलं. मिशीखाली तो हसत होता. मग तीही हसली. समोरचा एक दात पडला होता, तेव्हा मला दिसलं.

त्या दिवसापासून फटीतली चप्पल गेली. मी वाजतो, याची मला लाज वाटेनाशी झाली. पण 'चालेल' काही गेलं नाही. सहा महिने झाले तरी ती पाहुण्यासारखी राहायची. दोघं वाट बघत होती. मीही.

मग सुताराची थोरली बहीण आली. ती कपडे शिवते. शिवणयंत्राच्या तेलाची कुपी तिच्या पिशवीत कायम असते. आल्या आल्या तिनं मला ऐकलं.

"अरे, सुताराच्या घरी दार रडतंय. लोक काय म्हणतील?"

"रडत नाही, ताई. सांगतंय."

"काय सांगतंय?"

"कोण येतंय ते."

"ते मला डोळ्यांनी दिसतं."

सुतार हात धुवायला गेला. आत्यानं कुपी काढली आणि भावाची अब्रू वाचवायला दोन थेंब वर, दोन थेंब खाली सोडले. मुंगी बाहेरून आली. कुपी पाहिली, मला ढकलून पाहिलं. मी गप्प.

"काढा ते," मुंगी म्हणाली. चेहरा लाल झाला होता. "माझं दार आहे."

मुंगी आत गेली आणि तिनं मला आपटलं.

मला आजवर कुणी असं आपटलं नव्हतं. चौकट हादरली, वरून बशीएवढा गिलावा पडला. मग मुंगीनं पाठ माझ्या अंगाला टेकली. आपण काय केलं, हे तिला आत्ता कळलं होतं. तिची थरथर माझ्या फळ्यांत उतरत होती. ती माराची वाट बघत होती.

सुतार आणि कंडक्टरबाई धावत आली. "दोन थेंब तेल काय टाकलं—" आत्या बोलायला लागली. सुतारानं ओठांवर बोट ठेवलं. गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहावं तसा उभा राहून त्यानं मला हळूच ठोठावलं.

"मुंगे, आत येऊ का?"

मग आतून आलं, "नको."

सुतार एक पाऊल मागं सरकला.

"काय म्हणाली?" कंडक्टरबाईंनी विचारलं.

"नको म्हणाली."

"परत विचारा."

"अगं, परत कशाला?"

"मला ऐकायचंय."

सुतारानं पुन्हा ठोठावलं. "नक्की नको?"

"नको म्हटलं ना."

कंडक्टरबाई तोंडावर हात दाबून स्वयंपाकघरात पळाल्या. तिथं एक पातेलं पडलं. परत आल्या तेव्हा डोळे ओले आणि हसू आवरत नव्हतं.

"पोरगी माझ्या तोंडावर दार लावून घेते आणि तुम्ही दोघं हसताय," आत्या म्हणाली.

"ताई, हिला छपरावर झोप म्हटलं असतं, तरी चालेल म्हणाली असती. सहा महिने ऐकतोय."

आत्यानं कुपी पिशवीत टाकली. मग गुडघे धरत माझ्यापाशी खाली बसली. "मुंगे, मी आत्या. रॉकेल कुठं ठेवतात तुमच्याकडे?"

आत विचार चालला असावा. "मागच्या फळीवर. हिरव्या बाटलीत."

आत्यानं दुपारभर माझ्या बिजागऱ्या पुसल्या. "चाळीस वर्षं यंत्राला तेल घातलं. काढायची वेळ आज आली." मी वितभर उघडलो. मुंगीचा एक डोळा फटीत आला.

"वाजतंय का गं?"

"अजून पुसा," मुंगी म्हणाली.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. मुंगी आता बारा वर्षांची आहे. आठवड्यातून दोनदा तरी मला आपटते. कधी वेणीवरून, कधी गणितावरून, कधी उगीच. वरच्या बिजागरीचे स्क्रू सुतारानं तीनदा बदलले. बदलताना तो शीळ घालतो. गिलावा भरायला रंगारी आला होता. "पुन्हा पडेल," म्हणून सुतारानंच त्याला परत पाठवलं.

मी फार बोलणारा नाही. एकच सांगणं आहे. लेकराच्या दारावर आधी टकटक करा आणि उत्तराची वाट बघा. टकटक करत आत घुसणं म्हणजे टकटक नव्हे. आतून 'नको' आलं, तर मागं फिरा. थोड्या वेळानं पुन्हा या.

आता आटोपतं घेतो. बाहेर मुंगीचा आवाज चढलाय, "मी नाही येणार आत्याकडे." पावलं इकडेच येताहेत. मला चौकट घट्ट धरू द्या.