भेगेतली कणीक

मी एक जुनी काठवट आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी काहींनी काठवट पाहिलीही नसेल, म्हणून सांगते. एकाच लाकडातून कोरलेली, पीठ मळायची पसरट परात म्हणजे काठवट. मला बोलायची सवय नाही, आणि ही गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, याचीही खात्री नाही. पण माझ्यामुळे एका मुलीवर खोटेपणाचा आळ आला होता. तेवढे तरी सांगायला हवे.

काशीराम सुतारांनी मला शिवणीच्या लाकडातून कोरले. भामाच्या लग्नात मी तिच्याबरोबर पनवेलजवळच्या तिच्या सासरी आले. तिथे घरचेच भात होते. रोज सकाळी माझ्यात तांदळाचे पीठ पडायचे, त्यावर कढत पाणी, आणि मग भामाचा तळवा. तिचा नवरा भगवान जेवताना म्हणायचा की या काठवटीतली भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. मला ते ऐकायला आवडायचे.

पुढे जमीन संपादनात गेली. आम्ही खांदा कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो आणि भगवान द्रोणागिरीला गोदामात कामाला लागला. मुलगी दीपिका शाळेत जाऊ लागली. शाळेने डब्यासाठी पोळी-भाजी असा कागद पाठवला, तेव्हापासून माझ्यात गव्हाची कणीकही मळली जाऊ लागली. एका उन्हाळ्यात मी वाळले आणि मला दोऱ्याएवढी बारीक भेग पडली. भामाने तेल चोळले. कोणाचे काही बिघडले नाही, असे सगळ्यांना वाटले. मलाही.

दीपिका सहावीत असताना तिचे पोट फुगू लागले. जुलाब व्हायचे, तोंड यायचे, दोन जिने चढून ती धापा टाकायची. प्रत्येकाकडे कारण तयार होते. मावशी म्हणाली जंत, शेजारी म्हणाले पित्त, शाळेतल्या बाईंना वाटले परीक्षेची भीती. भगवानने पाणीपुरीवाल्याला दोष दिला. यातले कुठलेही कारण खरे असू शकते, हीच पोटाची अडचण आहे. ओवा झाला, जंताचे औषध झाले, रक्तवाढीच्या गोळ्याही झाल्या. शेवटी एका डॉक्टरबाईंनी रक्ताची वेगळी तपासणी केली, मग दुर्बिणीने आतडे पाहिले. आजाराचे नाव सीलिॲक. गव्हात एक चिकट पदार्थ असतो. बहुतेकांना तो पचतो, पण या आजारात त्याने आतड्याच्या आतल्या थराला इजा होते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. गहू कायमचा बंद, कणभरसुद्धा नको, असे डॉक्टरांनी बजावले. नाहीतर मुलीची वाढ खुंटेल.

भामाने मनापासून पथ्य पाळले. दीपिकासाठी नवा तवा आणला, पिठाचा डबा वेगळा केला, फक्त तांदूळ दळणारी गिरणी शोधली. सकाळी माझ्यात आधी दीपिकाच्या भाकरीचे पीठ मळायची, मग भगवानच्या पोळ्यांची कणीक, मग मला घासून धुवायची. मला बदलावे असे तिच्या मनात आले नाही. काठवट भाकरीचीच, असे ती धरून चालली होती.

मे महिन्यात दीपिका तीन आठवडे मामाकडे उरणच्या बाजूला राहिली आणि चांगली हिंडू-फिरू लागली. घरी आली आणि पंधरा दिवसांत पुन्हा पोट फुगले. भामाने त्याचा एकच अर्थ काढला.

"मामाकडं नजर होती तुज्यावर, म्हणून बरी होतीस. कोणाच्या डब्यातलं खातेस?"

"आई, मी काय नाय खाल्लं."

"मग पोट काय हवेनं फुगतं?"

भामा तिचे दप्तर झटकून बिस्किटांचा चुरा शोधू लागली. दीपिका आईकडे पाठ करून जेवू लागली. माझ्या भेगेत कणीक अडकून राहते हे मला ठाऊक होते, पण सांगायचे कसे?

श्रावणात समोरच्या फरिदाकडे पाहुणे येणार होते. तिला वीस भाकऱ्या करायच्या होत्या, म्हणून ती मला मागून घेऊन गेली. तिच्या घरी खिडकीचा उजेड माझ्यावर पडत होता. तिने तांदळाची गरम उकड बराच वेळ रगडली. उष्णतेने भेगेतले जुने पीठ सुटत गेले. अर्ध्या तासाने ती मला तशीच उचलून घेऊन आली.

"भामाभाभी, माझी उकड दुधासारखी सफेद असते. तुमची काठवट तिला तीळ लावून देते की काय?"

पांढऱ्या उकडीत तपकिरी कण होते. भामा हसत म्हणाली, तांदळाचाच कोंडा असेल. मग तिचे हसू थांबले. तिने केसातला आकडा काढून माझ्या भेगेत फिरवला. वाळलेल्या कणकेची वीतभर वात बाहेर आली.

तिने दीपिकाला हाक मारली. दीपिका दारातच उभी राहिली.

"तू नव्हतंस खाल्लं," भामा म्हणाली. "मीच भरवत होते तुला, रोज सकाळी."

"मी सांगितलं होतं ना," दीपिका म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने ती परत आली आणि आईजवळ खाली बसली. त्या रात्री ती आईकडे तोंड करून जेवली.

दुसऱ्या दिवशी स्टीलची परात आली. दिवाळीपर्यंत दीपिकाचे रक्त वाढले, जिना ती पळत चढू लागली. फरिदाच्या त्या उकडीच्या भाकऱ्या भगवानने संपवल्या आणि पाहुण्यांसाठी तिला पुन्हा पीठ मळावे लागले, यावरून ती अजून भामाला चिडवते.

मला त्यांनी टाकले नाही. दीपिकाने माझ्या कडेवर लाल रंगाने 'गव्हाची' असे लिहिले. मी आता ओट्याच्या दुसऱ्या टोकाला असते आणि भगवानच्या पोळ्यांपुरती लागते. तांदळाचे पीठ समोरच्या परातीत पडताना दिसते. ते योग्यच आहे.

मित्रांनो, एवढेच मागणे आहे. पोटाचे दुखणे लांबले तर अंदाजावर राहू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि दुखणारा सांगत असेल की मी काही खाल्ले नाही, तर त्याचे दप्तर झटकण्याआधी घरातल्या भांड्यांच्या भेगा पाहा.