देवीमागचा लाल काटा

मी एक जुनी सात सीटची डिझेल गाडी आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणारे बहुतेक जण आधी आपले गुण सांगतात. मला मात्र आधी माझी चूक सांगायची आहे, कारण ती मनात ठेवून मी फार दिवस धावले. शेवटी मी कुणाला कुठे नेऊन उभं केलं, ते ऐकलंत म्हणजे तुम्हाला कळेलच.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या दिवसांचं मला फारसं आठवत नाही. पांढरा रंग, नव्या सीटांचा वास आणि माझ्यासारख्याच शेकडो बहिणींची रांग, एवढंच आठवतं. खरं आयुष्य सुरू झालं ते दोंडाईच्याला, ज्ञानचंद शेठांच्या दारात. शेठांचा मिरचीचा व्यापार होता. गावाबाहेरच्या माळावर त्यांच्या लाल मिरच्या वाळत पडायच्या, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या बायका हंगामभर तिथे बसून मिरच्यांचे देठ खुडायच्या. पहिल्याच आठवड्यात माझ्या मागच्या सीटवर मिरचीची दोन पोती चढली. तेव्हापासून माझ्यात बसणारा माणूस आधी शिंकतो आणि मग नमस्कार करतो.

शेठ माझी फार काळजी घेत. तेलपाणी वेळेवर, चाकांची हवा वेळेवर. भाद्रपदात त्यांचं पर्युषण संपलं, की ते घरातल्या सगळ्यांपुढे हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत. कळत नकळत दुखावलं असेल तर क्षमा असावी, असा त्याचा अर्थ. मग दुकानातल्या हमालांपुढे हात जोडत, आणि सगळ्यात शेवटी अंगणात येऊन माझ्या बॉनेटवर हात ठेवून मलाही तेच म्हणत. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं. मालक माफी मागतो अशा गाड्या जगात कितीशा असतील?

शेठांच्या घरात सूर्य मावळल्यावर कुणी जेवत नसे. आणि शेठाणी पानबाई आपल्या एकुलत्या एक मुलाला, रोनकला, वाढल्याशिवाय स्वतः जेवत नसत. म्हणजे रोनकला उशीर झाला की पानबाई उपाशी. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, रोनकला तर सगळ्यात जास्त.

एकदा उन्हाळ्यात रोनक मला घेऊन पहूरला मित्राच्या लग्नाला गेला. परत निघायला त्याला दुपारचे तीन वाजले. जळगाव मागे पडलं आणि माझी पाण्याची नळी फुटली. समोरचा तापमानाचा काटा चढत चढत लाल पट्टीवर गेला. रोनकला तो दिसला. त्याने एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा पश्चिमेला उतरलेल्या सूर्याकडे पाहिलं, आणि पाय आणखी दाबला. आईच्या पोटाची काळजी होती हो त्याला. पण माझ्या पोटात तेव्हा काय चाललं होतं ते मलाच माहीत. अमळनेरच्या अलीकडे मी वाफा सोडत उभी राहिले. पानबाई त्या दिवशी उपाशीच झोपल्या.

तिथल्या मिस्त्रीने इंजिन उघडलं. हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाला, तडा गेला होता. नवीन हेड टाकायला हवं, असं त्याने स्पष्ट सांगितलं. पण नव्या हेडसाठी वडिलांपुढे तोंड उघडावं लागलं असतं. रोनकने तड्यावर वेल्डिंग मारून घेतलं आणि घरी येऊन सांगितलं की क्लचची वायर तुटली होती. शेठांनी विश्वास ठेवला. ते स्वतः खोटं बोलत नसत, त्यामुळे दुसऱ्याचं खोटं त्यांना लवकर ओळखता येत नसे.

त्या भाद्रपदात शेठ माझ्यापुढे हात जोडून आत गेले, आणि मागून रोनक आला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, बॉनेटवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, ‘मिच्छामि दुक्कडम्.’ मी त्याला माफ करून टाकलं. मित्रांनो, माझी पहिली चूक ती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी गप्प बसले. थोडा धूर सोडला असता, थोडा खोकला काढला असता, तर शेठांनी मला दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीकडे नेलं असतं. पण मला शाबासकीची चटक लागली होती. ‘गाडी अजून नव्यासारखी पळते,’ हे वाक्य ऐकलं की मी सगळं दुखणं अंगावर काढायची.

दोन वर्षांनी शेठांनी नवी गाडी घ्यायचं आणि मला विकायचं ठरवलं. तेव्हा चमेलीबाई पुढे आली. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला तिचं गाव. पंधरा वर्षं ती शेठांच्या माळावर मिरची खुडत होती. तिचा मुलगा वेस्ता दुसऱ्यांच्या गाड्या चालवून कंटाळला होता. स्वतःची गाडी असली, तर गावातल्या बायकांना सोमवारी दोंडाईच्याला सोडता येईल, शनिवारी परत आणता येईल, आणि मधल्या दिवसांत शिरपूरचे प्रवासी मिळतील, असा त्याचा हिशेब. थोडे पैसे आधी भरायचे होते आणि बाकीचे धुळ्याची एक फायनान्स कंपनी देणार होती. आधीच्या पैशांसाठी चमेलीबाईने आपल्या पायांतले चांदीचे तोडे विकले. लग्नापासूनचे होते ते. ती चालायला लागली की माणूस दिसायच्या आधी तोडे वाजायचे.

व्यवहाराच्या दिवशी वेस्ताने शेठांना एकच प्रश्न विचारला, गाडी कधी उकळली होती का? शेठ म्हणाले, ‘माझ्या हातात कधीच नाही. हा माझा शब्द.’ रोनक तेव्हा दाराशी उभा होता. तो मोबाइलमध्ये पाहत राहिला. मी अंगणात उभी होते आणि माझे दोन्ही दिवे जमिनीकडे लागले होते.

फायनान्स कंपनीचा माणूस आला. त्याने माझे टायर पाहिले, कागद पाहिले, चार बाजूंनी फोटो काढले आणि गेला. हेडकडे कुणीच पाहिलं नाही.

गावात माझी मोठी पूजा झाली. चमेलीबाईने देवमोगरा मातेच्या जत्रेतून एक चित्र आणलं होतं, मागून चिकटणारं. ते कुठे लावायचं, असं तिने विचारलं. गाडी चालवताना सारखी नजर जाईल तिथे लाव, असं वेस्ता म्हणाला. तिने पदराने काच पुसली आणि देवीला माझ्या समोरच्या काट्यांच्या काचेवर बसवलं. नेमकी तापमानाच्या काट्यावर. त्या काट्याचं काम काय, हे चमेलीबाईला ठाऊक नव्हतं. वेस्ताला ठाऊक होतं. पण आईने बसवलेली देवी हलवायची कशी? आणि शेठांची गाडी उकळत नाही, हे तर शेठांनीच सांगितलं होतं.

दीड वर्ष मजेत गेलं. बायका आत बसल्या की आधी शिंका, मग हसणं, मग अख्ख्या गावाच्या गप्पा. सहा जणींच्या जागेवर नऊ जणी बसत आणि दहावीला ‘थोडं सरकून घ्या’ म्हणत. हप्ता वेळेवर जात होता. वेस्ता रोज सकाळी देवीला उदबत्ती ओवाळायचा आणि मग माझ्या स्टिअरिंगला हात लावून नमस्कार करायचा. कारखान्यातून निघाल्यापासून माझं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं.

पण वेल्डिंग आता सुटत चाललं होतं. पाणी थेंबाथेंबाने आत जळत होतं. देवीच्या मागे माझा काटा रोज थोडा वर चढायचा आणि वेस्ता रोज तिथेच हात जोडायचा. मी ओरडून सांगावं तरी कसं? मला हॉर्न होता, पण तो माझ्या हातात नव्हता. तरीही खरं सांगते, मनात आणलं असतं तर मी चढावर थांबू शकले असते, सकाळी सुरू व्हायला नकार देऊ शकले असते. मी तसं केलं नाही. आज एवढी फेरी मारू, उद्या बघू, असं म्हणत राहिले.

चैत्रातल्या एका सोमवारी नऊ बायका घेऊन आम्ही तापीचा पूल ओलांडला आणि नरडाण्याच्या अलीकडे माझ्या आतून ठण्णकन आवाज आला. मग सगळं थांबलं. इंजिन सीज, म्हणजे आतून जाम झालं होतं. बायका उतरल्या आणि त्यांनी डोक्यावर गाठोडी घेतली. त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडाली. कुणी मला नावं ठेवली नाहीत, आणि तेच जास्त लागलं. एका ट्रॅक्टरने मला टोचन करून नरडाणा फाट्यावरच्या कौतिक मिस्त्रीकडे आणलं.

कौतिकने दोन दिवसांनी हेड काढलं आणि उन्हात धरलं. ‘वेस्ता, हाई दुखनं तुनं नही. हाई जुनं शे,’ तो म्हणाला. त्याने वेल्डिंगची जुनी रेघ दाखवली. खर्चाचा आकडा ऐकून वेस्ता टायरवर बसला. त्याने फायनान्स कंपनीला फोन लावला. इंजिनाशी आमचा संबंध नाही, हप्ता पाच तारखेला हवा, आणि दोन चुकले तर गाडी उचलून नेऊ, असं तिकडून सांगण्यात आलं. बोलणारी मुलगी वाईट नव्हती. तिच्यासमोर तसंच लिहिलेलं असावं.

मग वेस्ता नरडाण्याच्याच औद्योगिक वसाहतीत हमालीला लागला. बंद गाडीचा हप्ता भरण्यासाठी तो पोती उचलत होता. संध्याकाळी तो कौतिकच्या आवारात यायचा आणि कडुनिंबाखाली माझ्याशेजारी बसायचा. त्याच्या खांद्यावर वळ उठले होते. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. तो माझ्या काचेवरची पानं झाडायचा. दुसरा हप्ताही त्याने कसाबसा भरला. तिसऱ्यासाठी त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. कंपनीने मला उचलून नेलं असतं, तर तोडे गेले होते तेही फुकट गेले असते.

शेवटी त्याने शेठांना फोन केला. भांडला नाही, फक्त येऊन बघा म्हणाला. दुसऱ्या दिवशी शेठ आले. त्यांची नवी गाडी रोनक चालवत होता. चमेलीबाईही पहाटेच्या एस.टी.ने येऊन बसली होती. तिच्या पायांचा आवाज आला नाही, म्हणून ती आलेली मला कळलंच नाही.

कौतिकने हेड पुढे ठेवलं. शेठ वेल्डिंगच्या रेघेवरून बोट फिरवत राहिले. ‘मी शब्द दिला होता,’ एवढंच म्हणाले आणि त्यांचा चेहरा उतरला. कौतिकला सगळं कळत होतं. काचेवरच्या देवीमागे काय आहे, हेही त्याला दिसलं होतं. पण तो वेस्ताकडे पाहून गप्प राहिला. ती गोष्ट निघाली नसती, तर सगळा दोष शेठांच्या पदरात पडला असता आणि वेस्ता सुटला असता.

चमेलीबाई उठली. तिने माझं दार उघडून आत बोट दाखवलं.

‘शेठ, बठ्ठा दोष तुमना नही शे. देवीले तठे मीच बसाडं. तिना मांगे काटा लाल व्हये, आन् आम्ही तिले हात जोडूत.’

वेस्ताने मान खाली घातली. आणि मग रोनक पुढे आला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

‘पप्पा, गाडी उकळली होती. पहूरहून येताना. क्लचची वायर तुटली नव्हती.’

शेठ रागावले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, की इतक्या वर्षांत तू सगळ्या गावाला मिच्छामि दुक्कडम् म्हटलंस, मला मात्र नुसते शब्द दिलेस, चूक कधी सांगितली नाहीस. रोनक वळला आणि चमेलीबाईपुढे हात जोडून तेच शब्द म्हणाला. तिला अर्थ कळेना. शेठांनी समजावून सांगितला. तिने थोडा विचार केला.

‘माफी तं मी दिधी, भाऊ. पन इंजिन माफीवर चालत नही.’

कौतिकला हसू आवरेना. मग रोनकही रडता रडता हसला. शेठ म्हणाले, सगळा खर्च आमचा. चमेलीबाईने मान हलवली. अर्धी चूक आमची, तर अर्धा खर्चही आमचाच, असं ती म्हणाली आणि त्यावरून हलेना. अखेर ठरलं, की इंजिनाचं अर्धं काम रोनकच्या पैशांतून होईल, उरलेलं अर्धं चमेलीबाई पुढच्या हंगामात मिरची खुडून फेडेल, आणि गाडी सुरू होईपर्यंतचे हप्ते शेठ भरतील. देवीला कौतिकने अलगद सोडवून वरच्या आरशाजवळ बसवलं. माझा काटा पुन्हा उघडा झाला.

आता मी पुन्हा धावते. वेस्ता आधी काट्याकडे पाहतो आणि मग देवीला नमस्कार करतो. देवीचीही त्याला हरकत नसावी.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी गाडी असेल, सायकल असेल, पाण्याची मोटार असेल, तर तिची थोडी विचारपूस करा. आम्हाला तोंड नाही. आमचा काटा, आमचा धूर, आमची कुरकुर हीच आमची बोली. ती झाकू नका, अगदी प्रेमानेसुद्धा नाही. आणि तुमच्या हातून काही बिघडलं, तर ज्याचं बिघडलं त्यालाच जाऊन सांगा. बॉनेटला सांगून भागत नाही.

दर सोमवारी चमेलीबाई चढते आणि पुढच्या सीटवर बसते. बायका शिंकतात, हसतात. तिचे पाय माझ्या पायपोसावर येऊन टेकतात, मोकळे आणि बिनआवाजाचे. तेव्हा माझं इंजिन अगदी नीट चाललेलं असतं आणि काटाही खालीच असतो. तरीही मी मनातल्या मनात म्हणते, चमेलीबाई, मिच्छामि दुक्कडम्. तिला ते ऐकू येत नाही. म्हणून मी तुम्हाला सांगितलं.