साहेबांची फळी

"साहेब, चा आनला जी."

शेषराव बोलून गेले. हातात ट्रे, ट्रेवर धुतलेला रुमाल, रुमालावर दोन कप, आणि टाचेला टाच लावून सरळ उभे. समोर अंगणात ब्रश तोंडात धरून उभा असलेला साहेब म्हणजे त्यांचाच एकुलता एक मुलगा संघदीप. पुण्याला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो नोकरीला होता.

संघदीपने तोंडातला फेस थुंकला. "बाबा, साहेब कोनाले म्हनता?"

"निंगून गेलं तोंडातून."

"काल आल्यापासून चारदा निंगालं."

खरंच चारदा निघालं होतं. जित्याची खोड म्हणतात ती ही. किन्हीराजाच्या पुढे, डोंगरांच्या पायथ्याशी जो तलाव आहे, त्याच्या काठावरच्या सरकारी बंगल्यात शेषरावांनी एकतीस वर्षं काढली होती. लागले चौकीदार म्हणून. पण स्वयंपाकी, माळी, नावाडी आणि वाटाड्या हेही तेच. हिवाळ्यात अकोल्या-अमरावतीकडून साहेब लोक बायकामुलांना घेऊन सुट्टीला यायचे. गाडीतून उतरल्या उतरल्या प्रत्येक बाईसाहेब विचारायच्या, "इथं करण्यासारखं काय आहे हो?" शेषरावांचं उत्तर तयार असायचं. पहिल्या दिवशी डोंगर. दुसऱ्या दिवशी नाव आणि काठावर निखाऱ्यात भाजलेले रोडगे. तिसऱ्या दिवशी तलावाच्या शेपटाकडची पाखरं. चौथ्या दिवशी शिरपूरचं जैन मंदिर. एकदा हा चार दिवसांचा कार्यक्रम केलेला पाहुणा दुसऱ्या वर्षी पुन्हा यायचाच. एवढ्या वर्षांत एकही मुक्काम अर्धवट मोडला नाही, हे शेषराव कुणालाही सांगायचे, कुणी विचारलं नसलं तरी.

ते निवृत्त झाले त्याच वर्षी बंगला बंद झाला. व्हरांडा मात्र ते अजून झाडत. कुणी सांगितलं नव्हतं, पण नको असंही कुणी म्हटलं नव्हतं.

घरी सांगायला बायको होती, गंगू, तीही सहा वर्षांपूर्वी गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला संघदीप आला होता, त्यानंतर आता. भांडण असं काही नव्हतं. रविवारी फोन यायचा. "जेवले का?" "जेवलो." "तब्येत?" "बरी हाये." मग दोन्हीकडे कुणाला काही सुचायचं नाही, आणि फोन ठेवला की शेषराव घरात एकटेच पुन्हा म्हणायचे, "बरी हाये."

आणि मग दिवाळीनंतर सुनेचा, सरिताचा फोन आला. नातीला, संबोधीला, नाताळची सुट्टी होती. सरिता म्हणाली, "बाबा, मोबाइलवर रिसॉर्ट बघत होते. तलाव, डोंगर, बोटिंग, चुलीवरचं जेवण. म्हटलं, हे सगळं तर आपल्या घरीच आहे. चार दिवस येऊ का?"

येऊ का म्हणे! शेषरावांनी घराला चुना मारला. नवी गादी भरून आणली. बंगल्याची जुनी नाव आता मच्छीमार संस्थेकडे होती आणि संस्थेचा सगळा कारभार जगदेवकडे. त्याच्याकडून ती मागून घेतली. जगदेव म्हणाला, "काका, मंत्री येऊन राह्यला का?" शेषराव म्हणाले, "त्याच्याहून मोठा." हे चार दिवस नीट पार पडले तर पोरगा दर साल येईल, एवढाच त्यांचा हिशोब होता. रात्रंदिवस त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं.

पहिला दिवस डोंगराचा. वाट चांगली, चढ बेताचा, वरून तलाव पूर्ण दिसतो. संघदीप, सरिता आणि नऊ वर्षांची संबोधी पुढे. शेषराव चार पावलं मागे, एका खांद्याला पाण्याची पिशवी, दुसऱ्याला सतरंजी, काखेत छत्री. संबोधी थांबली की तेही थांबायचे.

"आजोबा, पुढे या ना."

"तुमी चाला बाईसाहेब, मी हावो मांगं."

"मी बाईसाहेब नाहीये," संबोधी हसत म्हणाली. तिला गंमत वाटली. संघदीपला वाटली नाही. त्याने मागे येऊन वडिलांच्या खांद्यावरची पिशवी ओढली. शेषरावांनी ती सोडली नाही. दोघा बापलेकांची पिशवीवरून रस्सीखेच चालली, आणि शेवटी पोरगा हरला. माथ्यावर सतरंजी अंथरून शेषरावांनी तिघांना बसवलं, पाणी दिलं, कोणता डोंगर कोणता ते बोट दाखवून सांगितलं आणि झाडाला टेकून उभे राहिले. सरिताने फोटो काढले. त्यातल्या एकातही शेषराव नव्हते. ते फोटोच्या चौकटीबाहेर कसं उभं राहायचं हे चांगलं जाणून होते.

दुसऱ्या दिवशी नाव. काठावर गोवऱ्यांचा आर पेटवून, कणकेचे रोडगे त्यात पुरून, वांग्याची भाजी करून शेषराव सकाळीच तयार होते. नावेच्या मधोमध एक रुंद फळी होती. दोन माणसं ऐसपैस बसतील अशी. तिला ते 'साहेबांची फळी' म्हणत. खांद्यावरच्या दुपट्ट्याने त्यांनी ती पुसली आणि हात पुढे केला, "बसा जी."

संबोधी फळीवर बसली आणि शेजारच्या जागेवर थाप मारून म्हणाली, "आजोबा, तुम्ही इथे. माझ्याजवळ."

"मंग वल्हं कोन मारन?"

"मी मारतो," संघदीप म्हणाला. "बसा बाबा. आज तुमी बसा."

तो खरोखर मागे जाऊन वल्हं धरून उभा राहिला. शेषराव फळीजवळ आले. गुडघे वाकवले. एवढ्यात नाव काठापासून सुटली आणि गोल फिरायला लागली. संघदीप डावीकडे मारी तर नाव उजवीकडे, उजवीकडे मारी तर जागच्या जागी गिरकी. संबोधी खिदळत होती, सरिता पोट धरून हसत होती, आणि संघदीपही हसत होता, अगदी लहानपणी हसायचा तसा. सगळं कसं छान चाललं होतं. पण शेषरावांना ते बघवेना. पाहुण्याच्या हातात वल्हं म्हणजे चौकीदाराची बेअब्रू. न बसताच ते सरळ झाले, दोन पावलांत मागे गेले आणि वल्हं काढून घेत म्हणाले,

"राहू द्या साहेब. तुमी बसा."

संघदीपचं हसू तिथंच थांबलं. तो बसला. फळीवर नाही, पुढच्या टोकाला, पाठ करून. नाव आता सरळ चालली, पाणी हललंसुद्धा नाही. तलावाच्या मध्यावर आल्यावर तो मागे न वळता म्हणाला,

"बाबा, आई बसली होती काय कधी या नावेत?"

शेषरावांचा हात थांबला. "नाई."

"एकदाबी?"

"सरकारी नाव होती ना."

"एकतीस वर्सं, बाबा. अख्ख्या जिल्ह्याच्या बायका फिरवल्या तुमी."

शेषरावांजवळ उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. एकदा भर दुपारी गंगू त्यांचा डबा घेऊन आली होती. बंगला रिकामा, साहेब नाही की शिपाई नाही. नाव काठाला बांधलेली. ती म्हणाली, "एक चक्कर मारून आना न मले." शेषराव म्हणाले होते, "येडी झाली का? कोनी पाह्यलं त?" बघायला मैलभरात दोन बगळ्यांशिवाय कुणी नव्हतं. गंगू त्या बगळ्यांकडे बघून हसली, रिकामा डबा घेऊन गेली आणि पुन्हा कधी म्हणाली नाही. तिने म्हणायला हवं होतं, असं शेषरावांना आता वाटायचं. दुसऱ्यांदा म्हणाली असती तर कदाचित त्यांनी नेलंही असतं. कदाचित.

नाव काठाला लागेपर्यंत रोडगे भाजून झाले होते. ते आरातून काढून, फडक्यात घोळवून त्यांची राख झटकली. शेषरावांनी तिघांना पत्रावळी मांडल्या, रोडगा फोडून वर तुपाची धार धरली, वांग्याची भाजी वाढली.

"तुमची पत्रावळ?" सरिताने विचारलं.

"मी मांगून. पाहुन्यायचं होऊ द्या."

"आमी पाहुने हाओत काय?" संघदीप ताडकन म्हणाला. मग आवाज खाली आणून, "बाबा, बसा न. हात जोडतो."

शेषराव बसले. अर्धा रोडगा घेतला. पण पहिला घास तोंडात गेला नाही तोच त्यांना दिसलं की संबोधीच्या पेल्यातलं पाणी संपलंय, ते उठले. परत बसले तर सरिताला ठेचा हवा होता, उठले. तिसऱ्यांदा तर कुणाला काहीच नको होतं, तरी उठले आणि आर चाळवत बसले. त्यांच्या पत्रावळीवरचं तूप थिजून गेलं.

"कायले असं करता?" संघदीप म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "तिकडं कारखान्यात मी दिवसभर सर सर करतो लोकायले. इथं आलो त माह्या बापानंच मले साहेब करून टाकलं. मी साहेब व्हाले नाई आलो, बाबा. मले घरी यायचं होतं."

शेषरावांना म्हणायचं होतं, दीपू, मला दुसऱ्या तऱ्हेने कुणाला खूश करता येत नाही रे. पण असलं बोलायची जिभेला सवय नव्हती.

ते म्हणाले, "आनखी एक रोडगा घ्या न. गरम हाये."

तिसऱ्या दिवशी पाखरांकडे जायचं होतं. सकाळी शेषराव चहाचा ट्रे घेऊन आले तेव्हा बॅगा बाहेर आल्या होत्या. संघदीप म्हणाला कंपनीतून फोन आला, अर्जंट काम निघालं. शेषरावांनी मान डोलावली. साहेब लोकांच्या तोंडून त्यांनी इतकी अर्जंट कामं ऐकली होती की खरं कोणतं आणि खोटं कोणतं हे त्यांना आवाजावरून कळायचं. सरिताचे डोळे लाल दिसत होते. "बाबा, उन्हाळ्यात येऊ," ती म्हणाली. उन्हाळ्यात तलाव आटतो, हे शेषराव बोलले नाहीत.

पण एक गोष्ट ते विसरले नाहीत. घरात जाऊन त्यांनी ट्रंकेतून वही काढली. बंगल्यातली अभिप्रायाची वही. बंगला बंद झाला तेव्हा ती कुणी मागितली नाही म्हणून घरी आली होती. पाहुणा निघताना वही पुढे करायची, हा रिवाज. पानोपानी साहेबांची अक्षरं: 'व्यवस्था उत्तम.' 'चौकीदार तत्पर व नम्र.' 'पुन्हा येऊ.' शेषरावांनी वही उघडून, वर पेन ठेवून, दोन्ही हातांनी पोरासमोर धरली.

संघदीप वहीकडे बघत राहिला. मग वडिलांकडे. पेनला हात न लावता तो गाडीकडे वळला. वही तशीच हातांत राहिली. तेवढ्यात संबोधी पुढे आली, "द्या, मी लिहिते." गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून तिने बराच वेळ लिहिलं, वही मिटून परत दिली आणि आजोबांच्या कमरेला घट्ट मिठी मारली. शेषरावांचे हात आधी अंगाला चिकटून राहिले. ते वर उचलेपर्यंत सरिताने तिला हाक मारली होती.

"जय भीम, बाबा," संघदीप खिडकीतून म्हणाला. "जपून राहा."

"जय भीम," शेषराव म्हणाले. या वेळी साहेब म्हटलं नाही. गाडी फाट्याकडे वळली तेव्हा त्यांच्या ते लक्षात आलं.

घरात जायचं जिवावर आलं. चुन्याचा वास, नवी गादी, दोन कप चहा. ते वही घेऊन तलावावर गेले. काल उरलेली राख अजून तिथंच होती. काठावर बसून, चौथीपर्यंत शिकलेला माणूस वाचतो तसं एकेका अक्षरावर बोट ठेवून त्यांनी वाचलं:

'डोंगर छान आहे. तलाव खूप छान आहे. रोडगे सर्वांत छान. पण आजोबा आमच्यासोबत आले नाहीत.'

त्यांनी पुन्हा वाचलं. पोरीचं चुकलं, असं आधी वाटलं. आपण तर प्रत्येक ठिकाणी होतो. डोंगरावर, नावेत, जेवणाला, सगळीकडे. तिसऱ्यांदा वाचल्यावर मात्र त्यांना कळलं, आणि इतकं एकटं वाटलं की गंगू गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान आल्यागेल्याला पाणी द्यायचं काम होतं.

वही काठावर ठेवून ते उठले. नाव खुंटीला बांधलेली होती. पाण्यात पाय घालून ते नावेजवळ गेले. सवयीने दुपट्टा काढला आणि साहेबांची फळी पुसली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, नीट.

दुरून जाळं खांद्यावर टाकून जगदेव येत होता. त्याने हाक मारली, "काका! पाहुने गेले काय? कुठी निंगाले नाव घेऊन?"

"कुठीच नाई."

"मी येऊ काय वल्हं माराले?"

"नको बापा. बसतो थोडा."

शेषराव फळीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदाच तिथून तलाव पाहिला. खालून डोंगर उंच दिसत होते. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते बसून राहिले, फळीच्या एका कडेला, जरा सरकून, शेजारी आणखी एक माणूस बसेल एवढी जागा सोडून.