भर वंदनेत

एकोडीच्या विहारात, भर वंदनेत, दीपमाला सासूच्या तोंडावर थुंकली होती. "ही माह्या भातात विष टाकून राहिली," असं ती साऱ्या बायांसमोर ओरडली. अंगणवाडीत मुलांना गाणी शिकवणारी शांत सून आठवडाभरात अशी झाली, तेव्हा लोक बाहेरची बाधा म्हणाले. नागपूरच्या डॉक्टरांनी पाठीतलं पाणी तपासलं आणि सांगितलं, हे वेड नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटली आहे, फार थोड्यांना होतो असा आजार आहे.

औषधांनी ती बरी झाली. तिला काहीच आठवत नव्हतं. नणंदेनं सगळं सांगितलं, तेव्हापासून ती घराबाहेर पडेना.

पौर्णिमेला मालनबाई, तिची सासू, पांढरं लुगडं नेसून खोलीच्या दारात आली. "चाल, विहारात जाऊ."

"मले लाज वाटते, आई. मी तुमच्यावर थुंकली."

"तो आजार होता. लाज तर मले वाटते. तवा घरी आल्यावर, कोणी नसताना, मी तुह्या कानाखाली वाजवली होती. तुले आठवत नाही म्हणून चूप राह्यली."

दीपमाला उठली. मग तिनं कपाटातून पांढरी साडी काढली. विहारात ती मान खाली घालून मागच्या रांगेत बसली. मालनबाई पुढची नेहमीची जागा सोडून तिच्याशेजारी येऊन बसली.