भिंतीपलीकडची दुपार

मी वडगावातल्या एका घरात खडखडणारा जुना यंत्रमाग आहे. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकायची असेल तर कानात बोटं घालूनच जवळ या. माझं बिडाचं, ओतीव लोखंडाचं अंग कारखान्यांच्या उद्यमबागेतल्या एका भट्टीत ओतलं गेलं आणि तेव्हापासून हळू बोलणं मला कधी जमलंच नाही. धोटा इकडून तिकडे धावतो, फणी आपटते, जमीन हादरते आणि साडी तयार होते. साडी मऊ असते, मी नाही.

मला इथे आणलं भावकूने, या घरच्या विणकराने. ताण्याचा, म्हणजे उभा, एखादा धागा तुटला तरी माग चालवता येतो. साडीत बारीक रेघ पडते, पण ती नेसणारीला दोन-चार धुण्यांनंतरच दिसते. गल्लीत बरेच जण तिकडे काणाडोळा करत. भावकू मात्र प्रत्येक वेळी मला थांबवायचा, वाकून धागा शोधायचा, गाठ मारायचा आणि मगच सुरू करायचा. सारखं थांबून मी वैतागायचो. पण माझ्यावरच्या साडीवरून लोक कौतुकाने बोटं फिरवायचे, तेव्हा मलाही बरं वाटायचं.

माझ्या पाठीशी जी भिंत आहे, तिच्यापलीकडे बायाक्का राहायची. एकटी, म्हातारी, अंथरुणाला खिळलेली. रात्रभर खोकल्याने तिला झोप नसे. दुपारी जेवल्यावर जरा डोळा लागे. एकदा भावकू तिला भाकरी द्यायला गेला, तेव्हा ती कानांत कापूस कोंबून, डोक्याला फडकं बांधून पडली होती. तिने तक्रार केली नाही. त्यानेही काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की तो मला तासभर बंद ठेवू लागला. गल्लीतले बाकीचे माग चालू असत, पण ते लांब होते. तिची भिंत हलवणारा मी एकटाच.

बायाक्काला वाटलं, वीज जाते.

“भावकू, दुपारचा करंट रोज जातोय बघ. मला तेवढीच झोप मिळतीया,” ती पलीकडून म्हणायची.

“व्हय आक्का, रोजचंच हाय ते,” भावकू म्हणायचा. त्याच्या तोंडून मी ऐकलेलं खोटं तेवढं एकच.

पुढे भावकूचे गुडघे गेले आणि मी त्याच्या मुलाच्या, नागेंद्रच्या हाती आलो. नागेंद्र वाईट नाही. बाहेरून स्वस्त साड्या येऊ लागल्या होत्या आणि मिळेल ते काम त्याला भराभर उरकायचं होतं. आधी त्याने तुटलेल्या धाग्यासाठी थांबणं सोडलं. मग दुपारचं थांबणं सोडलं.

“तासभर बंद ठेव रं. आक्का झोपत्यात,” भावकू त्याला म्हणाला.

“आप्पा, गल्लीभर माग वाजत्यात. आपला एकटा थांबून काय हुतंय?”

भावकू जाऊन दारात बसला. घर आता मुलाच्या जिवावर चालत होतं. मला ओरडून सांगायचं होतं की त्या भिंतीला टेकलेला मी एकटाच आहे. पण ओरडणं तर मी दिवसभर करतच होतो.

काही दिवसांनी पलीकडून आवाज आला, “भावकू, आता दुपारचा करंट जात न्हाय काय रं?”

“न्हाय आक्का,” दारात बसलेला भावकू खाली बघत म्हणाला. “आता न्हाय जात.”

“चांगलं झालं की. तुमचं काम हुतंय.”

त्यानंतर तिने कधी विचारलं नाही. दिवाळीच्या आधी बायाक्का गेली.

आमच्या गल्लीत एक रीत आहे. कुणी वारलं की तिरडी गल्लीबाहेर जाईपर्यंत सगळे माग बंद राहतात. त्या सकाळी नागेंद्रने स्वतःहून मला थांबवलं. एकेक करून सगळी गल्ली थांबली. बायाक्काची लेक मंगल काकतीहून यायची होती, म्हणून दुपार उलटेपर्यंत सगळे थांबले. माणसं हळू बोलत होती, चपलासुद्धा जपून काढत होती. इतकी शांत दुपार तिच्या वाट्याला कधीच आली नव्हती. मला फार वाईट वाटलं, आणि लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सुरू झालो. जेवण झाल्यावर भावकू भिंत धरत धरत आला आणि त्याने मला थांबवलं.

“आता कुणासाठी, आप्पा?” नागेंद्रने विचारलं.

भावकूने माझ्या हँडलवरचा हात काढला आणि तो भिंत धरत परत गेला. नागेंद्रने मला सुरू केलं.

मित्रांनो, मला आपलं आपण थांबता येत नाही. तुम्हाला येतं. तुमच्या भिंतीपलीकडे कोण आहे, ते माणूस असेपर्यंतच एकदा बघून या. फार आशा धरून मी हे सांगत नाही. माझ्या खडखडाटात तुम्हाला किती ऐकू आलं असेल, तेही ठाऊक नाही. आज दुपारीसुद्धा मी ती भिंत हलवतो आहे. पलीकडे कुणी नाही.